छपराला वजन नको, गाठ हवी

वैशाखातले ऊन कलू लागले की डहाणू-तलासरीच्या पाड्यापाड्यांवर शाकारणीची लगबग सुरू होते. कुणी फुटकी कौले बदलतो, कुणी नवा पेंढा घालतो, कुणी पत्र्याच्या भोकांत डांबर भरतो, तर कुणी बाजारातून निळी ताडपत्री आणून आढ्यावर पसरतो. मृगाचा पाऊस घरात येऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू. वाचकहो, हे सगळे करायलाच हवे. पण छपराचा वैरी एकटे पाणी नव्हे. पाणी छपरातून गळते, वारा मात्र छप्परच घेऊन जातो. आणि पावसाच्या आधी दारात येऊन उभा राहतो तो वाराच.

छप्पर उडाले की आपण म्हणतो, वाऱ्याने ढकलले. खरे पाहता पत्रा ढकलला जात नाही, उचलला जातो. खालची हवा त्याला वर रेटते आणि वरच्या हवेचा दाब कमी पडतो. खालच्या आणि वरच्या दाबातला हा फरक म्हणजेच छप्पर उडण्याचे कारण. हे एकदा ध्यानात आले की पत्र्यावर दगड ठेवून का भागत नाही आणि कुठे गाठ मारली तर भागते, हेही आपोआप कळते.

दोन बाजूंनी कोंडी

आपल्या भागाला हा विषय इतरांपेक्षा जास्त लागू आहे. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी, दापचरी, हळदपाडा या पट्ट्यात भूकंपाचे धक्के सुरू झाले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी तर एकाच दिवसात अनेक धक्के बसले आणि त्यातल्या मोठ्या धक्क्याची तीव्रता चारच्या पुढे गेली. त्या धावपळीत एका चिमुरडीचा जीव गेला. भिंतींना तडे गेले, माणसे घर सोडून तंबूत आणि अंगणात झोपू लागली. तेव्हापासून डोक्यावर जड काही नको, हे लोकांच्या मनात पक्के बसले, आणि ते बरोबरच आहे.

पुढे वाऱ्याने परीक्षा पाहिली. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. सुरुवातीच्या अंदाजात हरिहरेश्वरपासून दमणपर्यंतचा सगळा किनारा होता, त्यामुळे डहाणूच्या किनारी गावांनीही ती रात्र जागून काढली. वर्ष सरते न सरते तोच १७ मे २०२१ रोजी 'तौक्ते' आपल्या किनाऱ्याला समांतर वर सरकत गुजरातेत दीव आणि उन्याच्या दरम्यान जमिनीवर चढले. त्या दिवशी मुंबईत कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर नोंदला गेला.

म्हणजे भूकंप म्हणतो छप्पर हलके ठेव, वारा म्हणतो हलके ठेवशील तर घेऊन जाईन. माणसाने ऐकायचे कुणाचे? याचे उत्तर आहे, आणि ते फार खर्चिकही नाही. पण त्यासाठी आधी हवेची ओळख करून घेऊ.

हवेचे ओझे आणि आपले अंग

हवा हलकी असते, असे आपण सहज बोलून जातो. पण आपल्या डोक्यावर कित्येक किलोमीटर उंचीचा हवेचा थर आहे. त्याचे वजन समुद्रकिनारी प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे एक किलो पडते. तळहात पसरून उताणा धरलात तर बोटे धरून त्यावर शंभर-दीडशे किलोंचे ओझे आहे. तांदळाची दोन-तीन पोती म्हणा ना! मग हात खाली का जात नाही? कारण हवा जेवढी वरून दाबते तेवढीच खालूनही दाबते. छातीवर बाहेरून दाब, तर फुप्फुसांत आतून तेवढाच दाब. दोन्ही बाजू सारख्या, म्हणून आपल्याला काही जाणवत नाही.

हे ओझे केवढे, ते तलासरीच्या हातपंपावरूनही कळते. नळीतली हवा वर ओढून पाणी चढवायचे म्हटले तर ते दहा मीटरच्या वर चढतच नाही. कारण पाण्याला वर रेटणारी बाहेरची हवाच, आणि तिची ताकद तेवढीच. म्हणून खोल कूपनलिकेत पंपाचा दट्ट्या खाली पाण्यातच सोडावा लागतो.

तेव्हा शरीराला दाब कळत नाही, कळतो तो दाबातला फरक. डहाणूहून कासा मार्गे जव्हारला एसटीने निघा. डहाणू समुद्राकाठी, जव्हार सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर. घाट चढू लागला की कानाला दडे बसतात. आठ मीटर वर चढलो की हवेचा दाब साधारण एक मिलिबारने उतरतो. किनाऱ्यावर तो १०१३ मिलिबारच्या आसपास असतो, जव्हारला पोहोचेपर्यंत त्यातले पन्नासेक कमी झालेले असतात. कानाच्या पडद्यामागे एक छोटी पोकळी असते. तिच्यातली हवा अजून किनाऱ्याचीच असते आणि बाहेरची मात्र घाटावरची. आतला दाब जास्त, म्हणून पडदा बाहेर फुगतो. आवंढा गिळला, जांभई दिली की घशाकडे जाणारी बारीक नळी क्षणभर उघडते, आतली-बाहेरची हवा सारखी होते आणि कान मोकळा होतो. सर्दी झाली असेल तर ती नळी सुजलेली असते, वाट बंद असते, म्हणून तेव्हा कान जास्त दुखतो. तान्हे मूल घाटात रडते त्याचे एक कारण हेच. अशा वेळी त्याला पाजायला घेतले की ते गिळते आणि शांत होते.

किनाऱ्यावरच्या मच्छीमार बांधवांनी याचा दुसरा नमुना पाहिलेला असतो. खोल पाण्यातून काही मासे चटकन वर ओढले की त्यांच्या पोटातली हवेची पिशवी फुगून तोंडाकडे येते. पाण्यात दर दहा मीटरला एका अख्ख्या वातावरणाएवढा दाब वाढतो. खाली तो दाब पिशवीला बाहेरून आवळून धरत होता. वर येताना बाहेरचा दाब झपाट्याने कमी झाला, आतली हवा बाहेर पडायला वाट नाही, मग पिशवी फुगणारच.

वारा सुटला की म्हाताऱ्या माणसांचे सांधे धरतात, असेही म्हणतात. त्याबाबत संशोधकांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. पण कान आणि मासा या दोन उदाहरणांतून एक गोष्ट पक्की होते. दाब बदलला म्हणून बिघडत नाही. तो झटकन बदलला आणि हवेला जायला वाट नसली की बिघडते. घराचेही असेच आहे. छपराचा पत्रा हा घराच्या कानाचा पडदाच समजा.

वादळातला दाब आणि एक गैरसमज

चक्रीवादळ म्हणजे कमी दाबाचा फिरता भोवरा. 'तौक्ते' ऐन जोरात असताना त्याच्या केंद्रातला दाब सुमारे ९५० मिलिबार असल्याचा हवामान खात्याचा अंदाज होता. नेहमीपेक्षा साठेक मिलिबार कमी. गंमत अशी की हा फरक डहाणू-जव्हारच्या फरकाहून फार वेगळा नाही. म्हणजे त्या वादळाच्या पोटात उभे राहणे हे, निव्वळ दाबापुरते बोलायचे तर, घाट चढून गेल्यासारखेच.

तेवढ्या फरकानेही समुद्र वर उचलला जातो. दाब एक मिलिबारने उतरला की पाणी साधारण एक सेंटीमीटर चढते. केंद्राखाली हात-दीड हात पाणी नुसत्या दाबामुळे चढते, त्यावर वाऱ्याने लोटलेले पाणी आणि भरती वेगळी. झाईपासून चिंचणीपर्यंतच्या किनाऱ्यावर वादळ आणि उधाण एकाच वेळी आले तर भीती का, ते यावरून कळावे.

काही जण सांगतात, की बाहेरचा दाब उतरला म्हणजे बंद घर आतून फुटते, म्हणून वादळात सगळी दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. हिशेब मांडला तर भीती खरी वाटते. साठ मिलिबारचा फरक म्हणजे दर चौरस मीटरला सहाशे किलो! पण तो फरक पडायला तास लागतात. आणि आपली घरे काही बाटलीसारखी बुचाने बंद केलेली नसतात. दाराखालची फट, कौलांमधली फट, कुडातली फट यांतून हवा केव्हाच आत-बाहेर करून मोकळी होते. कानाला आवंढा गिळावा लागतो, घराला तेही लागत नाही. तेव्हा वादळाच्या कमी दाबाने घर फुटत नाही. घर मोडतो तो वाऱ्याचा झोत, क्षणात येणारा आणि फटींना सवडच न देणारा.

पत्रा उचलला कसा जातो

वारा भिंतीवर आदळतो तेव्हा समोरच्या बाजूला हवा दाटते, दाब वाढतो. मग ती हवा वाट काढत वर चढते आणि वळचणीच्या काठावरून छपरावर उडी घेते. उडी घेताना ती पत्र्याला चिकटून जात नाही, सुटते. तिथे छपरावर भोवरे होतात आणि दाब एकदम उतरतो. खाली घरात मात्र दाब नेहमीचाच. झाले! पत्र्याला खालून रेटा आणि वरून ओढ. ही ओढ सगळ्यांत जास्त असते ती वळचणीच्या कडेला, कोपऱ्यांत आणि आढ्याजवळ. म्हणून मधला पत्रा आधी उडाला असे सहसा घडत नाही. कडेचा एक उचकटला की त्याखालून वारा शिरतो आणि बाकीचे पुस्तकाच्या पानांसारखे उलटत जातात.

आता आकडे पाहू. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट तर दाब चौपट, वेग तिप्पट तर दाब नऊपट. ताशी ५० किलोमीटरच्या वाऱ्याचा जोर दर चौरस मीटरला सुमारे १२ किलो भरतो. ताशी १०० ला तो ४७ किलो होतो आणि ताशी १५० ला शंभराच्या वर जातो. दहा फूट लांब, साडेतीन फूट रुंद असा एक पत्रा घ्या. त्याचे स्वतःचे वजन पंधरा किलोच्या आसपास. ताशी ५० च्या वाऱ्यात त्याला उचलणारी ओढ चाळीस किलोंपर्यंत जाऊ शकते, ताशी १०० ला दीडशे किलोंपर्यंत. कडेच्या आणि कोपऱ्यातल्या पत्र्याला याहूनही जास्त.

आता त्यावर तुम्ही दहा-दहा किलोंचे दोन दगड ठेवलेत. पंधरा आणि वीस मिळून पस्तीस. रोजच्या वाऱ्याला ते पुरेल, वादळाला पुरणार नाही. वर तोटा असा, की छप्पर हलले तर तोच दगड खाली झोपलेल्या पोराच्या अंगावर. भूकंपाच्या गावात तर छपरावर दगड ठेवणे म्हणजे आपल्या हाताने संकट माळ्यावर चढवून ठेवणे. वाळूची पोती त्यापेक्षा बरी, पण पावसात पोते कुजते, वाळू वाहून जाते.

बांधकामासाठी ठरवून दिलेल्या भारतीय मानकात मुंबई आणि सुरत या दोन्ही शहरांसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ १५८ किलोमीटर धरला आहे. डहाणू-तलासरी या दोन शहरांच्या मधोमधच आहे. असा वारा रोज येत नाही, पण घर बांधताना धरायचा हिशेब हा.

समोरचे दार उघडे राहिले तर

वारा येतो त्या बाजूचे दार किंवा खिडकी उघडी राहिली, अथवा फळकुट मोडून वारा आत घुसला, तर आतली हवाही दाटते. फुग्यात तोंडाने हवा भरावी तसे घर भरते. वरून ओढ होतीच, आता खालून जोरही आला. छपरावरचा ताण दीडपट-दुप्पट होऊ शकतो. अनेक छपरे उडतात ती याच घडीला. म्हणून वादळाचा इशारा असेल तेव्हा आधी वाऱ्याच्या तोंडचे दार-खिडकी घट्ट बंद करा, आतून आडणा लावा. सगळेच बंद करता आले तर उत्तम. काही उघडे ठेवायचेच असेल तर ते वाऱ्याच्या पाठीकडचे असावे, समोरचे कधीच नको.

पडवीचे छप्पर हेही असेच दुखणे. भिंतीवर अडलेला वारा पडवीत कोंडतो आणि खालून मुसंडी मारतो. पडवी आणि घर यांचा पत्रा एकच सलग असेल तर पडवीबरोबर घरही उघडे पडते. म्हणून पडवीचे छप्पर वेगळे, थोडे खालच्या पातळीवर घ्यावे. गेलेच तर तेवढेच जाईल.

कुडाच्या घराला काय माहीत होते

आपल्या वारली, कोकणा, मल्हार कोळी बांधवांची जुनी घरे आठवा. जमिनीत पुरलेले लाकडी खांब, कारवीचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप, वर बांबूचे वासे आणि पेंढ्याचे किंवा कौलांचे उतरते छप्पर. खिळा जवळपास नाहीच. प्रत्येक जोड दोरीने नाहीतर सालीने करकचून बांधलेला. हे घर वाऱ्याशी भांडत नाही. कुडातून, वळचणीखालून थोडी हवा ये-जा करते, त्यामुळे आत-बाहेर फार फरक पडत नाही. छप्पर उतरते असल्याने वारा त्यावरून चढून जातो. सपाट छपराला ओढ जास्त बसते, चांगल्या उताराला कमी. चारही बाजूंना उतरणारे चौपाखी छप्पर तर दोनपाखीपेक्षा वाऱ्याला अधिक टिकते. जमीन हलली तर बांधलेले जोड थोडे करकरतात, पण एकदम तुटत नाहीत.

याचा अर्थ सगळ्यांनी पुन्हा पेंढ्याच्या घरात राहायला जावे असा नाही. पेंढ्याला आग लागते, वाळवी लागते, दर दोन-तीन वर्षांनी तो बदलावा लागतो, आणि पक्क्या घराची इच्छा कुणाला नसते? पण कुडाचे घर सोडताना आपण एक गोष्ट मागे टाकून आलो. भिंत बदलली, छप्पर बदलले, आणि बांधणीची सवय मात्र सुटली. पत्रा नुसता लाकडावर टेकवला, दोन खिळे ठोकले की काम संपले असे आपण धरतो. खिळा आडव्या जोराला टिकतो, सरळ वर ओढला तर लाकडातून सुटतो. आणि वारा नेमका वरच ओढतो.

भिंतीपेक्षा जाळी बरी

वाऱ्याला पूर्ण अडवू पाहणाऱ्या वस्तूला तो सगळा भार झेलावा लागतो. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला पेट्रोल पंपावर जाहिरातीचा फलक कोसळून १७ जणांचा बळी गेला. तो फलक १२० फूट लांब आणि १२० फूट रुंद होता. ताशी ८० किलोमीटरचा वारा धरला तरी एवढ्या क्षेत्रावर चाळीस टनांचा रेटा येतो. अहमदाबाद महामार्गावर आपल्याकडेही लहान-मोठे फलक उभे आहेत. त्यांच्या आडोशाला वादळात थांबू नये, हे मुलाबाळांना सांगून ठेवावे.

याउलट डहाणू-बोर्डीच्या किनाऱ्यावरची सुरूची झाडे पाहा. त्यांच्यातून निम्मा-अर्धा वारा गाळून जातो, म्हणून ती टिकतात आणि मागच्या वाड्यांनाही आडोसा देतात. भरीव भिंतीला चढून आलेला वारा पलीकडे जाऊन धाडकन खाली आपटतो. झाडांची विरळ रांग मात्र आपल्या उंचीच्या दहा-पंधरा पट अंतरापर्यंत वारा शांत ठेवू शकते. घोलवडच्या चिकूवाल्यांनी आणि शेडनेटमध्ये भोपळी मिरची घेणाऱ्या शेतकऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. घराच्या वाऱ्याकडच्या अंगाला बांबू, शेवरी, निवडुंग यांचे जिवंत कुंपण असेल तर तेही उपयोगी पडते. फक्त मोठे झाड छपराच्या अंगावर पडेल इतके जवळ नको.

कोंडी सुटते कुठे

आता मघाच्या प्रश्नाकडे येऊ. भूकंपात छपराचे वजन हाच शत्रू. जमीन हलली की जेवढे वजन वर तेवढा हिसका भिंतीला. वीस फूट बाय पंधरा फुटांच्या घरावर मंगलोरी कौलांचे छप्पर घातले तर नुसत्या कौलांचे वजन सव्वा-दीड टन होते. त्याच घरावर पत्रे घातले तर दीडशे-पावणेदोनशे किलो. भूकंपाच्या पट्ट्यात पत्रा शहाणपणाचाच. पण वाऱ्याच्या ओढीपुढे ते दीडशे किलो काहीच नाहीत. दोन्ही संकटांना पुरून उरेल असा उपाय एकच. छप्पर हलके ठेवायचे आणि पायापर्यंत बांधून काढायचे. मग वाऱ्याला पत्रा उचलायचा तर अख्खे घर उचलावे लागेल, आणि तेवढी ताकद त्याच्यात नसते. शिवाय तीच गाठ भूकंपातही उपयोगी पडते. भिंती बाहेरच्या बाजूला कलंडतात त्या वरून मोकळ्या असतात म्हणून. छपराने त्यांना धरून ठेवले तर त्या एकमेकींच्या आधाराने उभ्या राहतात.

ही बांधणी पाच ठिकाणी तपासावी.

पहिली गाठ पत्रा आणि आडव्या लाकडाची किंवा पाइपची. खिळ्याऐवजी वाकड्या बोल्टने, ज्याला बाजारात जे-हुक म्हणतात, पत्रा खालच्या पाइपला अडकवावा. बोल्ट नालीच्या उंचवट्यावर मारावा आणि खाली रुंद वायसर घालावा, नाहीतर पत्राच फाटून वर निघतो. कडेला, कोपऱ्यात आणि आढ्याला बोल्ट जवळ जवळ हवेत, मध्ये थोडे लांब चालतील.

दुसरी गाठ आडव्या लाकडाची आणि वाशांची, किंवा कैचीची. पुष्कळदा पत्रे सगळ्या लाकडांसकट उडतात ते इथून. लोखंडी पट्टी वळवून दोन्ही बाजूंनी ठोकावी, ते परवडत नसेल तर जाड गंजरोधक तारेचे चार-पाच वेढे घालून पीळ द्यावा.

तिसरी गाठ वासे आणि भिंतीची. भिंतीच्या डोक्यावरून सगळीकडे फिरणारा काँक्रीटचा पट्टा असावा आणि त्यातच बोल्ट पुरून ठेवावेत. हा एकच पट्टा भूकंपात भिंती आवळून धरतो आणि वादळात छप्पर धरून ठेवतो. एका खर्चात दोन संकटांची सोय ती इथे.

चौथी गाठ भिंतीच्या कोपऱ्यांची. नुसत्या मातीत रचलेल्या विटा-दगडांना ओढ सहन होत नाही. कोपऱ्यांत सळई किंवा लाकडी खांब खालपासून वरपर्यंत सलग हवा.

पाचवी गाठ खांब आणि पायाची. कुडाच्या घरात खांबाचा जमिनीतला भाग वाळवीने पोखरलेला असतो आणि वरून काही दिसत नाही. कोयतीचे टोक खुपसून पाहा. सहज आत गेले तर खांब बदला, कारण मग त्या खांबाच्या आधारावर बांधलेल्या वरच्या सगळ्या गाठी फुकट.

घर फिरले की घराचे वासेही फिरतात, असे आपण म्हणतो. वादळात ते अक्षरशः घडते. पाचांतली एक गाठ कच्ची राहिली की वारा तीच शोधून काढतो.

ज्यांना घरकुल मंजूर झाले आहे त्यांनी काम चालू असतानाच गवंड्याकडून डोक्यावरचा पट्टा आणि त्यातले बोल्ट मागून घ्यावेत. प्लास्टर झाल्यावर ते काम दुप्पट महाग पडते. अंगणवाडी, शाळा आणि समाजमंदिर यांच्या पत्र्यांचीही हीच तपासणी ग्रामपंचायतीने उन्हाळ्यातच करून घ्यावी. वादळात लोकांना हलवायचे ते अशाच इमारतींत, आणि तिथलेच छप्पर गेले तर जायचे कुठे?

इशारा आला की

हवामान खात्याचा नारंगी किंवा लाल इशारा मोबाइलवर आणि रेडिओवर येतो. तो आला की अंगणातले सुटे पत्रे, फळ्या, रिकामे डबे आत घ्या किंवा बांधा. सुटा पत्रा वादळात विळ्यासारखा फिरतो, माणसाचे अंग कापतो. छपरावर ताडपत्री असेल तर ती फडफडणार नाही अशी चहूबाजूंनी आवळा, सैल राहिली तर ती शिडासारखी वारा धरते आणि छपरालाच ओढते. वारा सुरू झाल्यावर मात्र पत्रा धरून ठेवायला कुणी वर चढू नये. दीडशे किलोंची ओढ माणसाच्या हातांना आवरत नाही. घर कच्चे असेल तर वेळेत पक्क्या इमारतीत जावे. आणि वारा एकदम पडला म्हणून लगेच बाहेर पडू नये. वादळाचे केंद्र डोक्यावरून जात असेल तर थोड्या वेळाने वारा उलट्या दिशेने, तेवढ्याच जोराने येतो. मघाशी जी बाजू पाठीची होती ती आता तोंडाची होते.

वाचकहो, हवेचे ओझे जन्मापासून आपल्या अंगावर आहे आणि आपण ते सुखाने वागवतो, कारण आत-बाहेर ते सारखे आहे. घराने मात्र घटकाभर तो फरक सोसायला हवा, आणि ते बळ त्याला आपणच द्यायचे असते. यंदा शाकारणीला छपरावर चढाल तेव्हा गळती शोधायला वर पाहाल तसेच एकदा खाली वाकून पत्र्याच्या पोटाकडेही पाहा. बोल्ट किती, तार कुठे गंजली, वासा कशाला बांधलाय, खांब कुठवर शाबूत आहे. अर्ध्या दिवसाचे काम आहे. मृग लागायच्या आत उरकून घ्या.